‘घरच्यांना विचारा’ म्हणजे कुणाला?

(वरळीच्या बीडीडी चाळीतील महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला विषय दिला होता ‘कोविडच्या आठवणी’. आठवणी प्रत्येकीकडे आहेत, त्या सांगत बसलो तर रात्र पुरायची नाही. म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. दवाखान्यातून फोन येतो, ‘पेशंट सिरियस आहे, पुढे काय करायचं ते घरच्यांना विचारून सांगा.’ हे घरचे म्हणजे नक्की कोण?

माझ्या सासूबाईंपासून सुरुवात करते. एप्रिल २०२१, दुसरी लाट. त्यांचं वय बहात्तर, दम्याचा जुना त्रास, त्यात साखर. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सहा माणसं. मजल्यावर वीस खोल्या आणि संडास सगळ्यांचे मिळून. ‘पेशंटला घरातच वेगळ्या खोलीत ठेवा’ असं टीव्हीवर सांगणाऱ्यांनी आपली चाळ कधी पाहिली नसावी. दोन दिवस फोन करकरून बेड मिळाला. अॅम्ब्युलन्समध्ये चढताना त्यांनी कानातल्या कुड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि विचारलं, ‘पिशवीत मिसरीची डबी टाकलीस ना?’ त्यांचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं.

पाचव्या रात्री फोन आला. तो आमच्या खोलीत आला नाही. फॉर्मवर नंबर थोरल्या भावजींचा होता, आणि ते बदलापूरला. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन चढत नाही, नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. हृदय बंद पडलं तर छाती दाबून प्रयत्न करायचा का, तेही आत्ताच सांगा. भावजी म्हणाले, ‘सगळं करा.’ मग त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन केला. नवऱ्याने मला उठवून सांगितलं, ‘आई सिरियस आहे, दादाने सगळं करायला सांगितलंय.’

मी मोरीशी उभी राहिले आणि काही बोलले नाही. मला बोलण्यासारखं होतं. आदल्याच वर्षी वरच्या मजल्यावरचे एक काका मशिनवर गेले, तेव्हा मी सासूबाईंच्या डोक्याला तेल लावत होते. त्या म्हणाल्या होत्या, ‘मला नळ्याबिळ्या लावू नका गं. हात धरायला कुणीतरी असू दे, बास.’ हे ऐकणारी मी एकटी. अकरा वर्षं त्यांची नखं मी कापली, रात्री दम लागला की पाठ मी चोळली, कुठली गोळी कशी लागू पडते ते मला ठाऊक. पण त्या रात्री मी ‘नळी नको’ म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या चाळीत झालं असतं की सुनेने सासूला मारलं.

त्या नऊ दिवस मशिनवर होत्या. शेवटी छाती दाबूनही पाहिलं, असं आम्हाला फोनवर कळलं. हात धरायला कुणी नव्हतं. आतल्या सिस्टरने धरला असेल, असं मी मनाला सांगते.

भावजींना मी दोष देत नाही. त्यांनाही भीतीच होती, ‘आईसाठी काही केलं नाही’ असं कुणी म्हणेल याची. माझ्या भीतीने मला गप्प बसवलं आणि त्यांच्या भीतीने त्यांना बोलायला लावलं. आईला काय हवं होतं, हे त्या फोनमध्ये कुणी विचारलंच नाही.

आता छाती दाबणं म्हणजे काय, ते साधं करून सांगते, कारण तेव्हा आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. हृदय थांबल्यावर ते पुन्हा सुरू करण्यासाठी छातीवर जोर देऊन दाबतात, गरज पडली तर विजेचा झटका देतात. त्यात म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडू शकतात. चालतंबोलतं माणूस रस्त्यात कोसळलं तर याने जीव वाचतो, तिथे एक क्षण दवडू नये. पण फुप्फुसं पार निकामी झालेल्या पेशंटची गोष्ट वेगळी. २०२० साली वुहानच्या एका रुग्णालयातली माहिती प्रसिद्ध झाली. हृदय थांबलेल्या कोविडच्या १३६ पेशंटवर हा प्रयत्न झाला, त्यातले तीस दिवसांनंतर ४ जण हयात होते. हा आकडा त्या रात्री भावजींना कुणी सांगितला असता, तर कदाचित ते वेगळं बोलले असते. कदाचित नसतेही. पण ऐकून तरी बोलले असते.

दुसरं, छाती दाबू नका म्हणजे उपचार बंद करा असं नाही. आयसीएमआरने २०२० मध्येच याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या फक्त हृदय थांबल्यानंतरच्या प्रयत्नांबद्दल आहेत. ऑक्सिजन, औषधं, दुखणं कमी करणं, अंग पुसणं हे सगळं चालू राहायला हवं. आणि डॉक्टरांनी पेशंटशी, नाहीतर त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाशी समजावून बोलायला हवं. कागदावर हे सगळं होतं. पण त्या दिवसांत एका डॉक्टरच्या वाट्याला किती पेशंट होते, तेही आपण पाहिलंय. पीपीई किट घालून घामाने निथळणारी ती पोरं कुणाला काय समजावणार होती?

पण ‘नळी नको’ म्हणणं म्हणजेच बाईचा हक्क, असा माझ्या बोलण्याचा अर्थ घेऊ नका. उलटंही घडलंय. आमच्या ओळखीतली एक आत्या, नवऱ्याने टाकलेली, भावाच्या घरी राहायची. वय अठ्ठावन्न. रोज वीस जणांचे पोळीभाजीचे डबे करायची. तिच्यासाठी फोन आला तेव्हा भाचा दोन मिनिटांत म्हणाला, ‘आता वय झालंय, त्रास देऊ नका.’ ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण कमावत्या पुरुषाच्या बाबतीत इतक्या लवकर असं उत्तर येतं का? आजारी बाईवर किती खर्च करायचा, याचा हिशोब आपल्या घरांत आधीपासूनच मांडलेला असतो. महामारीत तो फक्त फोनवर ऐकू आला. म्हणून टाकलेल्या, विधवा, एकट्या बाईसाठी ‘सगळं करा’ म्हणणारं माणसूही लागतं.

आपल्या लोकांना इस्पितळाचं भय जुनं आहे. १८९६ च्या प्लेगात ऑर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला होता. आत नेलेला माणूस परत दिसत नाही, ही धास्ती होती. २०२० साली कोळीवाडा सील झाला, डोममध्ये कोविड केंद्र उभं राहिलं, पण कुठे कुणी चालून गेलं नाही. आपण मोबाईल चार्जिंगला लावून बसलो.

आता परळला येते, कारण या प्रश्नाचं एक उत्तर तिथेच मिळालं होतं. केईएमच्या अरुणा शानबाग आपल्याला सगळ्यांना माहीत आहेत. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच वॉर्डबॉयने त्यांच्यावर हल्ला केला, त्यानंतर त्या अंथरुणातून उठल्याच नाहीत. पिंकी विराणी यांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला की आता त्यांना जबरदस्तीने भरवणं थांबवावं. ७ मार्च २०११ ला कोर्टाने तो नाकारला. निकालातली एक गोष्ट आपण नीट वाचायला हवी. अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा? कोर्ट म्हणालं, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. रक्ताचं नातं नाही, लग्नाचं नाही. ज्या सिस्टर्सनी वर्षानुवर्षं तिला भरवलं, पुसलं, तिचं शब्द धरला जाईल. आणि त्यांना ती जगायला हवी होती. १८ मे २०१५ ला ती गेली तोवर त्यांनी तिला सांभाळलं.

मला पिंकी विराणींचा प्रश्न चुकीचा वाटत नाही. अरुणाला स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच कळण्याचा मार्ग उरला नव्हता. तरीही जी सेवा करते तिला बोलायचा हक्क आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या शेजारच्या परळमधल्या बायांबद्दल मान्य केलं. आपल्या घरात मात्र सेवा सुनेची आणि सही मुलाची.

पुढे ९ मार्च २०१८ ला कोर्टाने इच्छापत्र मान्य केलं, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा आपल्याला कोणते उपचार नकोत ते आधी लिहून ठेवायचं. तेव्हा त्याला मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणजे आपल्यासाठी ते नसल्यासारखंच. २४ जानेवारी २०२३ ला ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने कुणी बोलायचं त्यांची नावं लिहायची, एकापेक्षा जास्तही चालतात. मात्र घाईच्या वेळी हा कागद दाखवला की काम झालं, असं नाही. त्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं तपासणी करतात.

म्हणून कागदाच्या आधी बोलणं. गेल्या काही महिन्यांत आम्ही मंडळात हे सुरू केलं. पहिल्या दिवशी चौघी उठून गेल्या, ‘अशुभ बोलता’ म्हणून. एक आजी मात्र थांबली आणि म्हणाली, ‘मला सगळं करा. मला नातीचं लग्न बघायचंय. लिहून घ्या.’ आम्ही लिहून घेतलं. तिच्या मुलाला वाटत होतं की आई आता कंटाळली आहे. एका बाईने घरी जाऊन दवाखान्याच्या जुन्या फाइलवर नवऱ्याच्या नंबराखाली स्वतःचा नंबर लिहिला. एवढंच केलं, पण त्यावरून घरात दोन दिवस धुसफूस होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फूट, घरात संडास, कुणालाही आनंदच होईल. पण तिकडे दारं बंद असतात. चाळीत रात्री कुणाचा फोन वाजला तर अर्धा मजला जागा व्हायचा आणि सुनेच्या बाजूने बोलणारी एखादी म्हातारी तरी बाहेर यायची. तिकडे ते कोण करणार, हे आपल्याला आत्ताच ठरवायला लागेल.

माझा कागद मी केलाय. पहिलं नाव मुलीचं, दुसरं नवऱ्याचं. त्यांनी वाचून विचारलं, ‘मी दुसरा का?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला झोप लागली की फोन ऐकू येत नाही.’ ते हसले. खरं कारण मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.