नशीब, सराव आणि परिस्थिती
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलगा परीक्षेत नापास झाला की आम्ही चटकन म्हणतो, "त्याच्या नशिबातच नव्हतं." या एका शब्दाखाली आम्ही किती गोष्टी झाकून टाकतो!

बाळू पालवणकरांचं उदाहरण घ्या. जन्म १८७६ चा, चांभार समाजातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखायची नोकरी. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा माणूस हवा होता, ते काम बाळूंना मिळालं. याला हवं तर नशीब म्हणा. पण तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकून हात बसवला, तो त्यांनी स्वतः. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. ते काही नशिबाने मिळाले नाहीत.

आणि परिस्थिती? पुण्याच्या हिंदू क्लबात ते सगळ्यांबरोबर खेळले, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. १९२३ साली ते धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं. मग बाळूंचा सराव कमी पडला होता का? मुळीच नाही. दार माणसांनी बंद ठेवलं होतं. माणसांनी लावलेलं दार माणसांनाच उघडता येतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की पोराच्या नशिबाला बोल लावण्याआधी विचारा: त्याला अभ्यासाला जागा होती का, उजेड होता का? नसेल, तर विहाराचं सभागृह आपण रात्री उघडं ठेवू. तेवढं आपलं काम. मेहनत मात्र त्याची त्यानेच करायची.

जयभीम!