निरोप पोचला, हाक नाही



गेल्या महिन्यात माझी वहिनी भर दुपारी आमच्या इमारतीखाली वीस मिनिटं उभी होती. हातात हापूसची पेटी आणि लिफ्ट बंद. तिने मला चार मेसेज केले. फोन माझ्या सदऱ्याच्या खिशातच, पण हूं की चूं नाही. धापा टाकत वर आली आणि म्हणाली, "भावजी, तो फोन मोडीत घाला." फोन धडधाकट होता. सकाळच्या ऑनलाइन बैठकीसाठी मी लॅपटॉपवरची चंद्रकोर दाबली होती, 'व्यत्यय नको' म्हणून. दोन्ही यंत्रं एकाच खात्यावर. लॅपटॉप गप्प बसला, त्याच्याबरोबर फोनही.

इथल्या ज्येष्ठांना पीपी नंबर आठवत असेल. फोन शेजाऱ्याकडे, आणि त्यांचा मुलगा जिन्यातून ओरडणार, "काका, फोन!" आजही तसंच आहे. प्रत्येक अ‍ॅप स्वतः कान लावून बसलं तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल. म्हणून फोनला एकच सामायिक शेजारी दिलेला असतो. ॲपलने तो २००९ मध्ये आणला, गूगलने २०१०मध्ये. मेसेज आला की तो अ‍ॅपचं दार ठोठावतो. आपण तक्रार करतो मेसेजची; बहुतेक वेळा चुकलेलं असतं ते ठोठावणं.

तेव्हा फोन रीस्टार्ट करायच्या आधी अ‍ॅप उघडा आणि नुसतं बघा. मेसेज आधीच येऊन बसलेत, की उघडल्यावर धो धो कोसळताहेत? कोसळत असतील तर नेट होतं का ते पाहा. नेट होतं, तर फोनने अ‍ॅपला झोपवलंय. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, फोन स्थिर पडून राहिला की मागची कामं साठवून एकदम करतात. तातडीच्या निरोपाला त्यातून वाट असते, पण काही कंपन्यांची स्वतःची बॅटरी-बचत आणखी कडक. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बंधन काढा. आणि अ‍ॅप 'फोर्स स्टॉप' केलं असेल, तर तुम्ही ते पुन्हा उघडेपर्यंत शेजाऱ्याची हाक आत जातच नाही.

मेसेज आधीच येऊन बसले असतील, तर कुणीतरी हाकच दाबली. अँड्रॉइड १३ पासून नव्या अ‍ॅपला नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, आणि आपण घाईत 'नको' म्हणून मोकळे होतो. (मागच्या रांगेत आत्ता वाजला तो फोन. त्यांचं सगळं ठीक आहे.)

खरा घोळ मात्र 'तुम्ही कुठे आहात' याच्या अंदाजाचा. स्लॅकसारखं कार्यालयीन अ‍ॅप, तुम्ही संगणकावर काम करताय असं दिसलं, की फोनवर हाक मारत नाही. फोन कुलूपबंद आणि मनगटावर ॲपलचं घड्याळ असेल, तर सूचना घड्याळावर जाते, फोन मुका. दोन्हीकडे वाजलं तर आपणच वैतागू, म्हणून ही सोय. व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळंच: २०२१ पासून चार यंत्रं जोडता येतात, फोन बंद असला तरी ती चालतात, पण मुख्य फोन चौदा दिवसांहून अधिक वापरला नाही, तर जोडलेला संगणक बाहेर पडतो आणि मग तिथे शुकशुकाट.

माझी चंद्रकोर काढली. दोन यंत्रांमधली 'व्यत्यय नको'ची वाटणीही बंद केली. वहिनी आता मेसेज करत नाही. खालूनच हाक मारते. तिसऱ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येते.