एकपक्षीय वर्चस्व आणि आमचे वऱ्हाड



एकच पक्ष वर्षानुवर्षे विजयी होत राहिला तर त्या राज्यपद्धतीस लोकशाही म्हणावे काय, हा प्रश्न वऱ्हाडच्या माणसास ग्रंथांतून शिकावा लागत नाही. १९५२ पासून १९८४ पर्यंत लोकसभेच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत अमरावती आणि अकोला या दोन्ही जागा काँग्रेसनेच जिंकल्या. १९७७ साली उत्तरेत त्या पक्षाची धूळधाण उडाली, तरी हे दोन मतदारसंघ ढळले नाहीत.

याचे रहस्य त्या पक्षाच्या विशाल उदरात होते. डॉ. पंजाबराव देशमुख १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले, तेव्हा ते काँग्रेसबाहेरचे. पुढे त्याच पक्षाच्या वतीने ते अमरावतीतून तीनदा लोकसभेत गेले. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी काँग्रेसचे पुढारी असूनही स्वतंत्र विदर्भाचा ध्वज खांद्यावर घेऊन उभे राहिले. प्राध्यापक रजनी कोठारी यांनी १९६४ साली या व्यवस्थेची मीमांसा केली, तीही हीच: विरोधाचे बरेचसे काम पक्षातील गटच करीत असतात.

मीमांसा मार्मिक खरी. परंतु मास्तराचा अनुभव निराळा. आमच्या शाळेचे छप्पर गळत असे. एका गटाच्या पुढाऱ्याकडे अर्ज दिला की दुसरा रुसे. दोघांचा झेंडा एकच! छप्पर तीन पावसाळे गळले, आणि मतपत्रिकेवर त्या भांडणापुरता रकाना नव्हता. पक्षांतर्गत विरोध पुढाऱ्यांस उपयोगी पडतो. मतदाराच्या हाती तो येत नाही.

१९८९ साली मतदान केंद्रावर माझी नेमणूक होती. एका म्हातारीने हळूच विचारले, “मास्तर, पंजा सोडून दुसरीकडं शिक्का हाणला तं काई होत नाई ना?” मी म्हणालो, “काही होत नाही, आजी.” पण झाले! अकोल्याने भारतीय जनता पक्षाचे पांडुरंग फुंडकर निवडले, अमरावतीने कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख. शेजारच्या दोन जिल्ह्यांनी एकाच वेळी उजवीकडे आणि डावीकडे वळावे, यात तत्त्वज्ञानापेक्षा त्या म्हातारीची भीड चेपल्याचाच भाग मला अधिक दिसतो.

अमरावतीने त्यानंतर अनेक पक्षांचे, एकदा तर अपक्षही, खासदार पाहिले. अकोल्याने मात्र २००४ पासून २०२४ पर्यंत पाचही वेळा भारतीय जनता पक्षासच निवडले. तेथील एखाद्या तरुण मास्तराच्या हाती आज शाळेचा अर्ज असेल, तर तो कोणत्या गटाकडे न्यावा, असे तो कोणाला तरी विचारीत असेल काय, हे मला त्याच्याच तोंडून ऐकावयाचे आहे.