अहवालात न मावणारा थकवा

(पुण्यात झालेल्या एका कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



आरोग्याविषयी बोलण्यासाठी संयोजकांनी एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांना न बोलावता माझ्यासारख्या पत्रकार स्त्रीला का पाचारण केले, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. मी मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झाले आणि त्यानंतरची तीस वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत मुद्रितशोधनापासून संपादनापर्यंत पडेल ते काम केले. वैद्यकशास्त्राचा माझा अभ्यास नाही. अधिकार असलाच तर तो एवढाच, की गेली अकरा वर्षे रोज सकाळी उठल्यावर मी एक चिमुकली पांढरी गोळी घेते आणि ती घेऊनही मला पूर्णपणे बरे वाटत नाही. या ‘घेऊनही’बद्दलच मी आज बोलणार आहे.

आरंभी एक कबुली दिली पाहिजे. आमचे कुटुंब एकत्र. थोरल्या जाऊबाईंना मी वहिनी म्हणते. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांना थायरॉइडचा विकार असल्याचे निदान झाले. औषध सुरू झाले आणि काही महिन्यांनी रक्ताचा अहवालही चांगला आला. घरात सर्वांना हायसे वाटले. पण वहिनींचे दुपारी आडवे होणे काही थांबेना. थंडी नसतानाही त्या स्वेटर घालून बसत. दिवाळीच्या फराळाच्या ऐन गडबडीत “माझ्याने होत नाही गं,” असे म्हणून त्यांनी झारा खाली ठेवला. तेव्हा मी सासूबाईंच्या देखत म्हणाले, “वहिनी, रिपोर्ट नॉर्मल आलाय ना आता? मग उगीच कशाला मनाला लावून घेता?” माझ्या बोलण्यात खोच होती आणि ती सर्वांना कळली. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी झारा पुन्हा हातात घेतला आणि उरलेल्या चकल्या तळल्या.

पुढे दहा वर्षांनी तीच व्याधी माझ्या वाट्याला आली. सकाळी चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, टाचांना भेगा, कंगव्यात केसांचे पुंजके, असे सारे एकेक करून आले. पण मी हादरले ती वेगळ्याच गोष्टीने. मथळा द्यायला बसावे आणि नेहमीचा, हाताशी असलेला शब्दच आठवू नये! ज्या बाईचा चरितार्थ शब्दांवर चालतो, तिला ही भीती काय असते हे सांगता येणार नाही. तपासणीत टीएसएच तेवीस निघाले. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत ते अडीचवर आले. सूज उतरली, टाचा भरल्या. थकवा आणि शब्द हरवणे मात्र पुरते गेले नाही. यजमानांना तसे सांगितले, तर त्यांनी चश्मा लावून अहवाल वाचला आणि निरागसपणे म्हणाले, “अगं, सगळं नॉर्मल आहे की!” माझेच वाक्य दहा वर्षांनी माझ्याकडे परत आले होते.

त्या रात्री मी वहिनींच्या खोलीत गेले. क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवीत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारले, “गोळीनंतर चहा किती वेळानं घेतेस तू? आणि कॅल्शियमची गोळी कधी घेतेस?” मी दोन्ही गोळ्या चहाबरोबरच घेत होते. अहवाल चांगला होता, त्यामुळे मला ते कोणी विचारलेही नव्हते.

कागद आणि शरीर

आता थोडे या व्याधीविषयी. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेसमोर फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. तिला आपण अवटू ग्रंथी म्हणतो. ती प्रामुख्याने टी-फोर नावाचे संप्रेरक निर्माण करते. यकृत, मूत्रपिंड आदी अवयवांत त्याचे रूपांतर टी-थ्रीमध्ये होते आणि शरीराच्या पेशींवर खरे काम हे टी-थ्री करते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी या साऱ्यावर लक्ष ठेवते. संप्रेरक कमी पडले की ती टीएसएच वाढवून अवटूला तगादा लावते. रक्तात आपण मोजतो तो हा तगादा. ग्रंथीच थकली असेल, तर बाहेरून टी-फोरची, म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात.

या उपचाराचा इतिहास उद्बोधक आहे. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क एका सेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीला टोचला. ती बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयारही होऊ लागले. टीएसएच मोजण्याची सोय मात्र १९७० च्या दशकात रूढ झाली. तोपर्यंत डॉक्टर प्रामुख्याने रुग्णाची नाडी, त्वचा आणि तक्रार यांवरून औषधाची मात्रा ठरवीत. ती पुष्कळदा गरजेपेक्षा अधिक होई आणि त्यामुळे हृदयाचे ठोके अनियमित होणे, हाडे ठिसूळ होणे असे दुष्परिणाम संभवत. टीएसएचच्या चाचणीने हा धोका टाळला, हे तिचे उपकारच म्हटले पाहिजेत. पण त्याचबरोबर रुग्णाला विचारण्याची सवय थोडी सुटली, हेही खरे आहे.

ही व्याधी विरळा नाही. मुंबई आणि गोवा यांसह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे अकरा टक्के प्रौढांमध्ये अवटू ग्रंथी मंदावल्याचे आढळले. स्त्रियांचे प्रमाण त्यात अधिक होते. बहुतेक रुग्णांना गोळीने चांगला गुण येतो. मात्र शंभरात पाच ते दहा जणांच्या तक्रारी टीएसएच योग्य पातळीवर येऊनही उरतात, असे अभ्यासक सांगतात.

असे का होते, याचे एकच एक उत्तर मिळालेले नाही. पीयूषिका ग्रंथी समाधानी झाली म्हणजे शरीरातील प्रत्येक अवयवाला पुरेसे टी-थ्री मिळालेच असे नाही, असे काही संशोधकांना वाटते. १९९९ साली अवघ्या तेहेतीस रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात टी-फोरसोबत टी-थ्री दिल्यावर मनःस्थिती सुधारल्याचे दिसले. जगभर मोठी आशा निर्माण झाली. पुढे अकरा प्रयोगांचा एकत्रित विचार २००६ साली करण्यात आला, तेव्हा दोन्ही उपचारांत सरासरी फरक आढळला नाही. तरीही काही थोड्या रुग्णांना संयुक्त उपचार अधिक मानवतो. म्हणून काही तज्ज्ञ निवडक रुग्णांसाठी, देखरेखीखाली आणि मर्यादित काळ तो करून पाहतात. तो निर्णय त्यांचा. शेजारणीने सांगितले म्हणून घेण्याचे ते औषध नव्हे.

आधी घरातले तपासावे

पण इतक्या दूर जाण्यापूर्वी घरातल्या साध्या गोष्टी तपासून पाहाव्यात. गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-कॉफी, न्याहारी त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने करावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर असावे. आम्लपित्ताच्या काही गोळ्यांनीही शोषण कमी होते, तेव्हा त्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगावे. शक्यतो एकाच कंपनीची गोळी घ्यावी. मात्रा बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे. त्याआधीची तपासणी फसवी ठरते, कारण हे औषध शरीरात सावकाश स्थिरावते. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या भगिनींनी तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ते थांबवावे, एरवी अहवाल चुकीचा येऊ शकतो. घरातल्या सुनेला दिवस राहिले आणि ती ही गोळी घेत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे. त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे थकव्याचे धनी अनेक असतात. ही व्याधी पुष्कळदा शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्यामुळे होते. १९१२ साली जपानचे डॉ. हाशिमोतो यांनी तिचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. असा उलटलेला पहारेकरी कधीकधी पोटावरही चालून जातो. मग बी-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही किंवा गव्हातील ग्लुटेन सोसत नाही. याशिवाय रक्तक्षय, ड जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत घोरताना श्वास अडकणे, ऋतुनिवृत्तीचा काळ आणि मनाचे खिन्न होणे ही सारी कारणे थायरॉइडच्या नावाखाली दडून राहतात. आमच्या वहिनींचे बी-१२ अत्यंत कमी होते. ते कळायला सात वर्षे लागली, कारण थकवा म्हटला की सर्वजण त्याच जुन्या अहवालाकडे बोट दाखवीत. इंजेक्शने घेतल्यावर त्यांच्या पायांची बधिरता गेली आणि दुपारचे झोपणेही निम्म्यावर आले.

आता इशारा. थकलेल्या माणसाला आशा विकणे सोपे असते. ‘तीन महिन्यांत थायरॉइड मुळापासून बरा’ अशा जाहिराती मी स्वतः वृत्तपत्रात येताना पाहिल्या आहेत. आयुर्वेदाविषयी मला नितांत आदर आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत गलगंडाचे विवेचन आले आहे. योग, प्राणायाम, नियमित चालणे यांनी मला उभारी मिळते. परंतु कोणाच्याही शब्दावर गोळी बंद करणे हा आत्मघात आहे. आयोडीनयुक्त मीठ घरात असताना वेगळे आयोडीन घेणेही कित्येकदा अपायकारक ठरते. आणि शिजवलेला कोबी बेताने खाल्ल्यास काही बिघडत नाही, त्याच्यावर बहिष्कार टाकण्याचे कारण नाही.

ऐकणे हेही पथ्यच

माझे स्वतःचे काय झाले, हे सांगून थांबते. कॅल्शियमची गोळी रात्रीवर गेली, चहा तासाभराने लांबला आणि बराच फरक पडला. सगळा नाही. आजही आठवड्यातून एखादा दिवस असा येतो, की दुपारी चारनंतर डोके धुक्यात जाते. मी महत्त्वाचे लेखन सकाळी करते, नावे आणि कामे वहीत टिपते, आणि त्या दिवशी “आज मला जमणार नाही,” असे स्पष्ट सांगते. हे वाक्य उच्चारायला शिकण्यात माझी काही वर्षे गेली, आणि ते ऐकून घ्यायला शिकण्यात घरच्यांची. आता यजमान अहवाल वाचून झाल्यावर विचारतात, “बरं, पण तुला कसं वाटतंय?” त्या एका प्रश्नाने व्याधी जात नाही. पण आपण खोटारडे ठरलो, हा सल जातो, आणि तो सल कित्येकदा व्याधीहून जड असतो.

कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तो बाळगताना एवढे स्वतःला विचारू या, की आपल्या घरातली एखादी वहिनी, एखादी आई, एखादा अबोल भाऊ आपल्याला काही सांगून गप्प तर बसला नाही ना? पुरुषांनाही ही व्याधी होते आणि ते तर बोलतच नाहीत.

वहिनींची क्षमा मी शेवटी मागितलीच. त्या म्हणाल्या, “अगं, तेव्हा मलाच वाटायचं की मी ढोंग करतेय.” त्यांच्या मनात ही शंका ज्यांनी रुजवली, त्यांत मी होते. हे ओझे मी येथे आपल्यापुढे मुद्दाम उतरवून ठेवते आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाला ते वाहावे लागू नये.

गेल्या दिवाळीत चकल्या आम्ही विकत आणल्या. दोघी जावा अंगणात बसून चहा प्यालो, अर्थात गोळीनंतर तासाभराने.