मोटारीचा उष्णतामापक काटा

बोरघाट चढतांना मोटारीचा उष्णतामापक काटा एकाएकीं तांबड्या रेघेकडे झुकला, म्हणजे चालकाच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हा कीं, इंजिन खरोखरच तापलें आहे, कीं काटाच खोटें सांगतो आहे? ह्याचा निकाल रस्त्यावर लावूं नये. काटा खरा मानून गाडी बाजूस घ्यावी, इंजिन बंद करावें, आणि तें पुरतें निवेपर्यंत रेडिएटरच्या टोपणास हात लावूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांच्या वर जाऊनहि उकळत नाहीं. टोपण सैल होतांच मात्र तें उसळून अंगावर येतें.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत बॉइस मोटोमीटर नांवाचा तापमापक रेडिएटरच्या टोपणावरच उभा असे. आज तें काम इंजिनाच्या पाण्यांत बुडालेला इवलासा सेन्सर करतो. त्याचा विद्युत्-रोध उष्णता वाढेल तसा घटतो; एका प्रचलित प्रकारांत २० अंशांस सुमारें अडीच हजार ओहम, तर ८० अंशांस तीनशेंच्या आसपास.

आतां एक गोष्ट, जी फार थोड्यांस ठाऊक असते. पाणी गळून गेलें, तर सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन भाजून निघत असतांहि काटा खालीं येऊं शकतो! 'बरें झालें, निवली एकदांची' म्हणून पुढें हांकलेल्या अशा गाडीचें ॲल्युमिनियमचें हेड वांकडें होतें, गॅस्केट फुटतें. तेव्हां आधीं पाण्याची पातळी पाहावी, मग विजेची चिकित्सा.

जुन्या, एकाच तारेच्या सेन्सरची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालूं न करतां नुसती किल्ली फिरवावी व तार सोडवावी. बहुतेक गाड्यांत काटा थंड बाजूस जातो. तीच तार क्षणभर इंजिनाच्या धातूस टेकवावी. काटा गरम बाजूकडे धांवला, तर काटा व तार निर्दोष, दोष सेन्सरकडे. न हलल्यास फ्यूज, तार किंवा काटा तपासावा. कधीं नवा सेन्सर बसविणारा कारागीर आट्यांवर टेफ्लॉनची फीत इतकी गुंडाळतो, कीं इंजिनाशीं विद्युत्-संबंधच राहत नाहीं!

अलीकडील गाड्यांवर हा प्रयोग करूं नये. तेथें सेन्सरचा निरोप संगणकाकडे जातो. रात्रभर उभ्या गाडीस सकाळीं स्कॅनर लावावा. आंकडा बाहेरील हवेशीं जुळला, तर सेन्सर बहुधा ठीक. उणे ४० दिसले, तर जोडणी तुटली असें समजावें. आणि बराच प्रवास होऊनहि काटा चढत नसेल व स्कॅनरहि तेंच सांगत असेल, तर सेन्सर बदलूं नका. उघडाच अडकून बसलेला थर्मोस्टॅट बदला.