आगगाडीचे डबे आणि वाघिणी



आज आपण आगगाडीविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, आगगाडी कोणी पाहिली नाही? खरे आहे. पण आपण गाडी पाहतो ती सगळी मिळून, एकदम. एकेक डबा वेगळा करून कोणी पाहत नाही. आपल्या घरी नांगर असतो, वखर असते, पाभर असते, कोळपे असते. एकाचे काम दुसरे करीत नाही. आगगाडीचेही अगदी तसेच आहे. कोणता माल न्यायचा, त्यावरून डब्याचा घाट ठरतो.

आपल्या देशात माणसांची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेली. तिला चौदा डबे होते आणि ओढायला तीन इंजिने होती. आज एकेका मालगाडीला चाळीस ते साठ वाघिणी असतात. मालाच्या डब्याला वाघीण म्हणतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. इंग्रजीतला वॅगन हा शब्द आपल्या लोकांच्या तोंडी बसला आणि त्याची वाघीण झाली. ही वाघीण रानातली नव्हे. तरी तिच्यापाशी जपून वागावे लागते, ते पुढे सांगतो.

आधी उघडी वाघीण घ्या. तिला वर छप्पर नाही. तिच्यात कोळसा भरतात. कोळसा भिजला तरी वाया जात नाही. शिवाय वरून यंत्राने भरता येतो. चंद्रपूर, वणी या भागातल्या खाणींचा कोळसा असाच वीजघरांकडे जातो. एका वाघिणीत साठ टनांच्या आसपास कोळसा मावतो. दहा टनांचे सहा ट्रक झाले की! दुसरी एक उघडी वाघीण आहे, ती खालून उघडते. पोटाखालचे दरवाजे उघडले की माल आपोआप खाली पडतो. फावडे नको, पाटी नको. रुळांखालची खडी टाकायलाही अशाच वाघिणी वापरतात.

बंद वाघिणीला छप्पर असते आणि बाजूला दारे असतात. धान्य, खत, सिमेंट, साखर हा माल तिच्यात जातो. मालधक्क्यावर खताची गाडी लागली म्हणजे हमाल पोती उतरवतात, ती याच वाघिणीतून. एक थेंब पाणी आत शिरले तर सिमेंटच्या पोत्याचा दगड होतो. म्हणून तिची दारे घट्ट असावी लागतात.

कांदा, केळी, डाळिंब यांचे मात्र वेगळे. हा जिवंत माल. त्याला वारा लागतो आणि त्याला घाईही असते. खत चार दिवस उशिरा आले तर चालते. केळी चार दिवस अडकली तर काळी पडतात आणि शेतकऱ्याचे वर्ष बुडते. म्हणून हा माल जलद धावणाऱ्या पार्सलच्या डब्यांतून पाठवणे चांगले. ७ ऑगस्ट २०२० रोजी नाशिकजवळच्या देवळाली स्टेशनातून पहिली किसान रेल्वे बिहारमधल्या दानापूरला गेली. ती अशाच पार्सलच्या डब्यांची होती.

आता टाकीची वाघीण. आडवा ठेवलेला मोठा पिंप, खाली चाके. वरच्या झाकणातून भरायचे, खालच्या तोटीने सोडायचे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल तिच्यातून जाते. ती गोल का करतात? गोल टाकीला कोपरे नसतात. आतला माल हिंदकळतो, त्याचा दाब सगळीकडे सारखा पडतो आणि टाकी फुटत नाही.

याच वाघिणींनी २०१६ साली लातूरला पाणी पाजले. ती हकिकत सांगण्यासारखी आहे.

त्या वर्षी मराठवाड्यात मोठा दुष्काळ होता. मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून सरकारला मार्च महिन्यात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. तेव्हा पाणी रेल्वेने आणायचे ठरले. पण कशात आणणार? उघडी वाघीण गळेल. बंद वाघिणीत पाणी राहील कसे? तेलाच्या टाक्या तेवढ्या चालण्यासारख्या. पण तेलाच्या टाकीतले पाणी कोण पिणार? तेलकट भांड्याचा वास दहादा धुतले तरी जात नाही, हे इथे बसलेल्या बायांना मी काय सांगावे! मग राजस्थानात कोटा येथील रेल्वेच्या कारखान्यात त्या टाक्या वाफेने आतून साफ केल्या. तेथून त्या मिरजेला आणल्या आणि पाण्याने भरल्या. मिरजेपासून लातूर ३४२ किलोमीटर. १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे दहा वाघिणींची पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली.

आता हिशेब करा. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर. घागर पंधरा लिटरची धरा. एका वाघिणीत तीन हजारांवर घागरी झाल्या. वही काढा आणि पन्नास वाघिणींचा हिशेब घरी करून पाहा.

चौथी वाघीण सपाट असते. नुसता पाट म्हणा ना. तिच्यावर लोखंडाचे पत्रे, रूळ, मोठ्या पेट्या ठेवतात. कोकण रेल्वेने १९९९ पासून मालाने भरलेले ट्रक अशा सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यात वेर्ण्याला न्यायला सुरुवात केली. ड्रायव्हर ट्रकमध्येच बसतो. घाटातला त्रास वाचतो, डिझेलही वाचते.

२०२१ साली करोनाच्या साथीत हीच युक्ती कामी आली. दवाखान्यांत ऑक्सिजन कमी पडला होता. पातळ ऑक्सिजन अतिशय थंड असतो. तो तेलाच्या टाकीत भरता येत नाही. त्याला थर्मासासारखी दुहेरी टाकी लागते, आणि तशा टाक्या रस्त्यावरच्या टँकरांना होत्या. मग सात रिकामे टँकर कळंबोलीला सपाट वाघिणींवर चढवले. १९ एप्रिलला गाडी विशाखापट्टणमला निघाली. येथे उंचीची अडचण होती. टँकर उंच असला तर बोगद्याला किंवा विजेच्या तारेला लागेल. म्हणून मापे घेऊन बुटके टँकर निवडले आणि घाट टाळून वसईमार्गे लांबच्या वाटेने गाडी नेली. येताना तीन टँकर नागपूरला उतरले आणि चार नाशिकला. त्या दिवसांत एकेका टँकरची वाट पाहत किती घरे जागी होती, हे आपण विसरलो नाही.

आता माणसांचे डबे. यांवर काय लिहिले आहे ते तुम्ही आता वाचू शकता. म्हणून धावत जाऊन दिसेल त्या दारात शिरू नका. ‘अनारक्षित’ लिहिलेला डबा साध्या तिकिटाचा. तो बहुधा गाडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला असतो. ‘शयनयान’ म्हणजे झोपायचा डबा. त्यात जागा आधी राखून ठेवावी लागते. साधे तिकीट घेऊन त्यात बसलात तर दंड होतो. माझे मत विचाराल तर साधे डबे पुष्कळ वाढायला हवेत. गरीब माणूस त्यांतूनच जातो, आणि त्यांतच पाय ठेवायला जागा नसते.

टोकाच्या एका डब्यात गार्ड बसतो. २०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्याच डब्यात सामानाची खोली असते. आंब्याच्या पेट्या, मोटरसायकल तिच्यातून पाठवता येते. पावती मात्र घ्या आणि वाचून घ्या.

आणखी एक गाडी आहे, तिच्या डब्यांत दवाखाना असतो. तिचे नाव जीवनरेखा एक्स्प्रेस. १९९१ साली ती सुरू झाली. ती एखाद्या स्टेशनात काही आठवडे उभी राहते. मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ, कानाचे दुखणे यांची शस्त्रक्रिया डॉक्टर तेथे करतात. पैसे घेत नाहीत.

आता जपण्याचे सांगतो. नीट ऐका, हे जिवाचे काम आहे. उभ्या मालगाडीखालून आपली माणसे वाकून पलीकडे जातात. डोक्यावर गवताचा भारा, मागे पोर. मालगाडी शिट्टी देते ती पुढे, अर्धा किलोमीटरवर. मागे ती ऐकू येत नाही, आणि गाडी हलते. पूल लांब असला तरी पुलावरून जा.

वाघिणीवर तर कधीच चढू नका. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट वीज असते. आपल्या घरात असते दोनशे तीस. त्या तारेला हात लागावा लागत नाही, बरं का. जवळ गेले तरी ती अंगावर झेप घेते. फोटो काढायला चढलेली पोरे अशीच भाजून गेली आहेत. आणि टाकीची वाघीण कधी घसरली, तेल वाहू लागले, तर डबा-बादली घेऊन धावू नका. एक ठिणगी पुरते. मुलांना घेऊन लांब व्हा आणि स्टेशनात कळवा.

गाडी पुढे गेली की शेवटच्या डब्याकडे बघा. त्याच्या पाठीवर पिवळी मोठी फुली असते आणि रात्री लाल दिवा असतो. ही फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मागे एकही डबा तुटून राहिला नाही. स्टेशन मास्तर हेच पाहत उभे असतात. खूण दिसली नाही, तर मागच्या गाडीला ते त्या रुळावर येऊ देत नाहीत.