औषध खाद्यात, जंतू खिम्यात



1983 साली अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील चार राज्यांत 18 जणांना साल्मोनेला न्यूपोर्टची बाधा झाली. 11 जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. त्यांतले 12 जण जुलाब सुरू होण्यापूर्वी दुसऱ्याच कुठल्या दुखण्यासाठी पेनिसिलीन गटातले औषध घेत होते. औषधाने आतड्यातले नेहमीचे जंतू मारले आणि त्याला न जुमानणाऱ्या साल्मोनेलाला रान मोकळे मिळाले. तपासाचा माग हॅम्बर्गरच्या खिम्यातून साउथ डकोटातल्या मांसासाठी पोसलेल्या गुरांपर्यंत गेला. त्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यातून क्लोरटेट्रासायक्लीन अल्प मात्रेत दिले जात होते. ध्यानात घ्या, खाद्यात होते टेट्रासायक्लीन, पण त्या जंतूवर अ‍ॅम्पिसिलीनही चालत नव्हते. प्रतिकाराची जनुके पुष्कळदा एकाच प्लाझ्मिडवर शेजारी शेजारी असतात. एक औषध वापरले की दुसऱ्याचा प्रतिकारही आपोआप पोसला जातो. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की कच्च्या मांसातल्या या जंतूंचा बंदोबस्त स्वयंपाकघरावर सोपवता येणार नाही. तो गोठ्यातच, आज पशुवैद्यकाची पदवी घेणारे तुम्ही लिहाल त्या चिठ्ठीपासून व्हायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा, की मांस नीट शिजवले की जंतू मरतात, मग चिंता कसली? मरतात, हे खरेच. पण कापताना आतड्यातले जंतू मांसाच्या पृष्ठभागावर लागतात आणि खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. शिवाय तीच सुरी, तोच पाट आणि तेच हात कोशिंबिरीलाही लागतात, आणि कोशिंबीर कोणी शिजवत नाही. दुसरी समजूत मला अधिक घातक वाटते. औषध थांबवून ठरलेले दिवस गेले की मांस निर्धोक, असे पशुपालकाला सांगितले जाते. ते दिवस औषधाचा अंश उतरण्यासाठी असतात. प्रतिकारक्षम जंतू अंशाबरोबर जात नाहीत. ते शेणात, गव्हाणीत आणि शेजारच्या जनावरात राहतात.

खरे दोषी माणसांचे दवाखाने आहेत, असेही म्हटले जाते. तिथला अतिवापर मोठा आहे, हे मान्यच. पण तेवढ्याने गोठा निर्दोष ठरत नाही. खर्चाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. डेन्मार्कने वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली तेव्हा दूध तोडलेल्या डुकरांच्या पिलांत हगवण वाढली आणि उपचारासाठी औषध जास्त लागले. तरीही तिथला डुक्करपालनाचा धंदा बुडाला नाही आणि जनावरांवरचा औषधांचा एकूण वापर पूर्वीपेक्षा कमीच राहिला. 2006पासून हीच बंदी सगळ्या युरोपीय संघात आहे. अमेरिकेत पेनिसिलीन आणि टेट्रासायक्लीन खाद्यातून काढण्याचा प्रस्ताव 1977 साली आला. माणसांसाठी महत्त्वाची औषधे निव्वळ वाढीसाठी देणे थांबायला 2017 उजाडले. ही 40 वर्षे जंतूंना फुकट मिळाली. भारताने 2019 साली खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन बंद केले, ते योग्यच झाले.

आजारी जनावराला औषध नाकारा, असे मी मुळीच म्हणत नाही. ते क्रौर्य होईल. पण उद्या कासदाहाची गाय समोर येईल आणि मालक घाई करील, तेव्हा पहिली ट्यूब सोडण्याआधी त्या सडातले दूध निर्जंतुक बाटलीत घ्या, तपासणीला पाठवा आणि अहवाल आला की औषध बदलायची तयारी ठेवा.